गोडमिट्ट झालेली घरची स्ट्राँग बिअर कशी सावरावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्लीवाइन, इम्पीरियल स्टाउट, डॉपेलबॉक, बेल्जियन क्वाड. या बिअर घरी करणाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी हा प्रसंग येतोच. तीन आठवडे धीर धरला, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झडप) गप्प झाला, ग्लासात ओतून पाहिली, तर गोडी जिभेला चिकटून बसते आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. अशी बिअर सिंकमध्ये ओतून देणारे पुष्कळ आहेत. त्यातली बरीच वाचू शकते, म्हणून हे सविस्तर लिहिले आहे.

हे पान इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी, म्हणजे जिथे घरी बिअर करणे कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतले आहे: २० लिटर इम्पीरियल स्टाउट, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर जितकी जास्त तितकी ती जास्त) १.१००, आणि आता आकडा १.०४० वर येऊन अडलेला.

बिअर फार गोड लागतेय. आधी काय टाकू?

काहीही टाकू नका. नवे यीस्ट नको, एन्झाइम नको, साखर तर नकोच नको.

गोड राहिलेल्या बिअरच्या दोन अगदी वेगळ्या अवस्था असतात. एकीत यीस्टला खाता येईल अशी साखर शिल्लक असते, पण यीस्ट दमून थांबलेले असते. दुसरीत यीस्टने आपले काम पुरे केलेले असते, आणि उरलेली साखर त्याला खाताच येत नाही. चवीवरून या दोन्हींतला फरक कळत नाही, हायड्रोमीटरच्या (द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणाऱ्या नळीच्या) एका आकड्यावरूनही कळत नाही. पहिलीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. आधी निदान, मग औषध. बाकीची सगळी उत्तरे यावरच उभी आहेत.

आकडा १.०४० आहे, हे तरी खरे धरायचे का?

कशाने मोजला त्यावर आहे. आंबवणे सुरू झाल्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारे यंत्र) फसवतो, कारण अल्कोहोलमुळे प्रकाशाचे वाकणे बदलते. आपल्या उदाहरणातली बिअर प्रत्यक्षात १.०२५ पर्यंत उतरली असली तरी रिफ्रॅक्टोमीटरवर ती १.०५० च्या आसपास दिसेल. सुधारणा करून देणारी गणिते आहेत, पण अशा निर्णयाच्या वेळी हायड्रोमीटरच वापरा. नमुना दोन भांड्यांत खालीवर ओतून त्यातला वायू घालवा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि ग्रॅव्हिटी जास्त दिसते. नमुना हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणा. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो का, हेही एकदा पाहून घ्या.

तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला तरच बिअर थांबली असे समजा. एअरलॉकचे बुडबुडे हा पुरावा नव्हे. झाकण किंचित सैल असले तरी ते दिसेनासे होतात.

१.०४० म्हणजे नक्की किती आंबली?

ग्रॅव्हिटीतला ०.००१ म्हणजे एक गुण. १०० गुणांपैकी ६० गेले, म्हणजे अ‍ॅटेन्युएशन ६० टक्के. ग्रॅव्हिटीतला फरक १३१.२५ ने गुणला की अल्कोहोल येते: ०.०६० ला साधारण ७.९ टक्के. हीच बिअर ७५ टक्के आंबली असती तर १.०२५ वर थांबली असती आणि अल्कोहोल ९.८ टक्के झाले असते. इम्पीरियल स्टाउटला १.०२५ शोभून दिसते. एवढ्या मोठ्या बिअरकडून १.०१० ची अपेक्षा ठेवू नका, थोडी गोडी तिच्या अंगभूतच असते.

यीस्ट दमले की काम संपले, हे ओळखायचे कसे?

एका छोट्या चाचणीने. ही चाचणी फारसे कोणी करत नाही, आणि मला तेच सगळ्यात खटकते. खर्च एका पाकिटाचा, आणि उत्तर स्वच्छ मिळते.

निर्जंतुक केलेल्या बाटलीत ३०० मिलिलिटर बिअर घ्या. कोरड्या एल (उबेत आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टचे अर्धे पाकीट कोमट पाण्यात भिजवून त्यात घाला. ३०० मिलिलिटरला हे यीस्ट अति आहे, आणि ते तसेच हवे. तोंडावर फॉइल सैल ठेवा, बाटली २५ अंशांच्या आसपास उबेला ठेवा आणि येता-जाता हलवत राहा. इथे चवीची चिंता नाही, हा नमुना प्यायचा नाही. तीन-चार दिवसांनी ग्रॅव्हिटी मोजा.

आकडा १.०४० वरून १.०२६ वर आला, तर मोठ्या फर्मेंटरमधल्या बिअरमध्येही तेवढी साखर शिल्लक आहे आणि यीस्ट अडकले आहे. आकडा १.०३८ वरच राहिला, तर बिअर झालेली आहे. तिच्यात कितीही नवे यीस्ट ओतले तरी फरक पडणार नाही.

चाचणीला तेच यीस्ट घ्या जे पुढे वापरायचे आहे, किंवा यूएस-०५, नॉटिंगहॅम असे चांगले खाणारे घ्या. वाइनचे यीस्ट घेऊ नका. का, ते पुढे येईल.

यीस्ट मध्येच का थांबते?

बहुतेक वेळा ते सुरुवातीलाच कमी पडलेले असते. घागरभर दुधाला चिमूटभर विरजण लावले तर दही लागत नाही, तसेच हे आहे. नेहमीचा हिशोब असा की एल बिअरला दर मिलिलिटरमागे, दर प्लेटो अंशामागे (प्लेटो म्हणजे साखरेचे वजनी टक्क्यांतले माप) साडेसात लाख पेशी लागतात, आणि मोठ्या बिअरला १० लाख. १.१०० म्हणजे जवळजवळ २४ प्लेटो. २० लिटरला गणित साडेतीनशे ते पावणेपाचशे अब्ज पेशींवर जाते. साडेअकरा ग्रॅमचे एक पाकीट यासाठी अपुरे आहे, दोन ते तीन लागतात. द्रव यीस्टचे एकच पाकीट स्टार्टर न करता, म्हणजे माल्टच्या थोड्या पाण्यात आधी न वाढवता, टाकले असेल, तर पुढे जे झाले त्यात नवल नाही.

दुसरे कारण प्राणवायू. आंबवणे हवेविना होते हे खरे, पण यीस्टला वाढताना आपल्या पेशींचे आवरण बांधण्यासाठी स्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ले लागतात, आणि ती करायला प्राणवायू लागतो. आवरण कच्चे राहिले तर अल्कोहोल वाढू लागताच पेशी टिकत नाहीत. त्यातून मोठ्या बिअरची एक पंचाईत असते: वर्ट (आंबवण्यापूर्वीचे माल्टचे गोड पाणी) जितका दाट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गरज जास्त आणि पुरवठा कमी. नुसता फर्मेंटर हलवून साध्या वर्टमध्येच जेमतेम ८ पीपीएम (दहा लाखात ८ भाग) मिळतो. म्हणून या बिअरना सिलिंडरमधला शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो, आणि अनेक जण यीस्ट टाकल्यापासून १२ ते १८ तासांत त्याचा दुसरा डोस देतात.

तिसरे कारण तापमान. पहिल्या तीन दिवसांत आंबवण्याची स्वतःची उष्णता असते, बिअर खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम राहते. जोर ओसरला की ती थंड होते आणि यीस्ट तळाशी बसते. एडिंबरा किंवा टोरंटोच्या हिवाळ्यात तळघरात ठेवलेला फर्मेंटर असाच झोपी जातो.

चाचणीत यीस्ट अडकले असे निघाले. आता?

आधी फर्मेंटर उबेत आणा, २१-२२ अंशांवर, आणि हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट वर आणा. झाकण उघडू नका, ढवळू नका. सुरुवातीला हवा हवीच होती, आता ती बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव देईल. आठवडाभर थांबा. काही वेळा एवढ्यानेच काम होते.

नाही झाले तर नवे यीस्ट. पण पाकीट फोडून थेट बिअरमध्ये भुरभुरवणे म्हणजे पैसे वाया. ८ टक्के अल्कोहोल, पोषण संपलेले, प्राणवायू नाही, अशा जागी कोरडी पेशी पडताच बहुतेक मरते. यीस्ट जागे आणि भुकेले असतानाच आत गेले पाहिजे. कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट लिटरला १०० ग्रॅम या मापाने घेऊन दीड लिटर स्टार्टर उकळा, गार करा, त्यात चिमूटभर यीस्टचे पोषण आणि यीस्ट घाला, भरपूर हलवा. या स्टार्टरला हवा द्यायला हरकत नाही. १२ ते १८ तासांत वर फेस चढला की अडकलेल्या बिअरमधले पाव लिटर त्यात ओता. काही तासांनी ते पुन्हा फसफसताना दिसले की आणखी पाव लिटर. असे यीस्टला अल्कोहोलची सवय झाली की, फेस ऐन भरात असताना, सगळा स्टार्टर फर्मेंटरमध्ये सोडा. दोन्हींच्या तापमानात फार अंतर नको.

कोणते यीस्ट? साधारण १० टक्क्यांपर्यंतच्या बिअरला नॉटिंगहॅम माझ्या मते सर्वांत भरवशाचे: चव फारशी बदलत नाही, जोर चांगला, आणि कंपनी ते १४ टक्के अल्कोहोलपर्यंत टिकते असे सांगते. त्याहून तगड्या बिअरसाठी व्हाइट लॅब्जचे डब्ल्यूएलपी०९९ मुद्दाम याच कामासाठी आहे.

सगळे सांगतात शॅम्पेनचे यीस्ट टाक. ते टाकू का?

हा सल्ला सर्वांत जास्त दिला जातो आणि सर्वांत जास्त वेळा निराश करतो. ईसी-१११८ हे शॅम्पेनचे यीस्ट अल्कोहोल १८ टक्क्यांपर्यंत सोसते, यात शंका नाही. पण ते द्राक्षांच्या रसासाठी आहे, आणि द्राक्षात असते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. बिअरच्या वर्टमध्ये मुख्य साखर माल्टोज, आणि तिच्या मागोमाग माल्टोट्रायोज. अडकलेल्या बिअरमध्ये शेवटी बरेचदा माल्टोट्रायोजच उरलेली असते, कारण यीस्ट ती सगळ्यात शेवटी खाते. वाइनच्या यीस्टला नेमकी तीच नीट खाता येत नाही. शिवाय ते किलर जातीचे आहे: त्याचे विष बिअरच्या बहुतेक यीस्टना मारते. म्हणजे तुमचे उरलेसुरले यीस्टही गेले, आणि आकडा तिथेच.

चाचणी सांगते की बिअर पूर्ण झाली आहे. मग एवढी गोड कशी?

कारण मॅशमध्येच, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवतानाच, ठरले. ६९-७० अंशांवर मॅश केले की बीटा अ‍ॅमिलेज हे आंबणारी साखर करणारे एन्झाइम लवकर निकामी होते, अल्फा राहते, आणि न आंबणारी डेक्स्ट्रिन्स जास्त तयार होतात. त्यात क्रिस्टल माल्ट (गोडी देणारे खास माल्ट) सढळ हाताने पडले असेल, किंवा सगळी बिअर गडद एक्स्ट्रॅक्टची असेल, तर भर पडते. यीस्टची जातही पाहा: विंडसर आणि लंडन ही लालमांड कंपनीची दोन्ही इंग्लिश यीस्ट माल्टोट्रायोज खातच नाहीत. तुमची बिअर विंडसरवर केलेली असेल, तर खरे म्हणजे ती मधली अवस्था आहे. नॉटिंगहॅमचा स्टार्टर तिला नक्की खाली आणेल.

लॅक्टोज घातले असेल तर ते बिअरचे कुठलेच यीस्ट खात नाही.

झालेल्या बिअरची गोडी मग कमी करायची कशी?

माझा पहिला कौल मिश्रणाला. एक साधी, कोरडी (गोडी न उरलेली) स्टाउट करा: मॅश ६४ अंशांवर, क्रिस्टल माल्ट अजिबात नाही, कडवटपणा नेहमीपेक्षा जास्त. ती १.०१० वर उतरली आणि तिच्यात ५ टक्के अल्कोहोल असले, तर आपल्या २० लिटरमध्ये तिचे १० लिटर मिसळून ३० लिटर बिअर १.०३० ची आणि ६.९ टक्क्यांची होते. बिअर वाया जात नाही, वाढते, आणि तिचा तोलही सुधारतो. आधी ग्लासात करून पाहा: १०० मिलिलिटर गोड बिअरमध्ये २५, ५०, ७५ मिलिलिटर कोरडी, आणि चव पाहून प्रमाण ठरवा. मिसळल्यावर लगेच बाटल्या भरू नका. कोरड्या बिअरमधले ताजे यीस्ट पहिल्या बिअरमधले काही खाऊ शकते, म्हणून दोन-तीन आठवडे आकड्यावर नजर ठेवा.

दुसरा मार्ग कडवटपणाचा. यात साखर कमी होत नाही, जिभेला ती कमी वाटते, आणि प्यायच्या दृष्टीने तेवढे पुरते. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) काढा उकळून घालण्याचा सल्ला मिळतो, पण त्याचे गणित जमत नाही. एका लिटर काढ्यात १०० आयबीयूच्या (आयबीयू हे कडवटपणाचे एकक) फार वर कडवटपणा विरघळत नाही, आणि तो लिटर २० लिटरमध्ये गेला की जेमतेम ५ आयबीयू उरतात. त्याऐवजी आयसोमराइज्ड हॉप अर्क घ्या. ३० टक्क्यांच्या द्रावणाचा १ मिलिलिटर २० लिटरमध्ये साधारण १५ आयबीयू देतो. इथेही आधी ग्लासात थेंबाथेंबाने.

स्टाउटमध्ये थंड पाण्यात भिजवलेली कॉफी, काळे भाजलेले माल्ट किंवा ओकच्या चिपा हेही चालते, कारण भाजकेपणा आणि तुरटपणा दोन्ही गोडीला अडवतात. वायू २.५ व्हॉल्यूमपर्यंत (बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट) चढवला तर त्याची किंचित आंबट टोच मदत करते. उकळून गार केलेले पाणीही चालते. २ लिटरने १.०४० चे १.०३६ होते आणि अल्कोहोल ७.२ टक्क्यांवर येते. मोठ्या ब्रुअरीसुद्धा दाट बिअर करून नंतर पाण्याने मापात आणतात, त्यात कमीपणा नाही.

एन्झाइम टाकून साखर तोडता येते ना?

येते, पण लगाम हाती राहत नाही. ग्लुकोअ‍ॅमिलेज डेक्स्ट्रिन्सचे तुकडे करून ग्लुकोज करते, आणि यीस्ट ते लगेच खाते. सॅन फ्रान्सिस्कोत २०१७ च्या सुमाराला आलेली ब्रूट आयपीए ही कोरडी बिअर याच एन्झाइमवर उभी आहे, ती १.००० च्या जवळ जाते. तुमचा स्टाउटही १.०२५ वर थांबायचे मनावर घेणार नाही. तो १.०१० वर गेला तर अल्कोहोल ११.८ टक्के होईल, आणि अंग पातळ, घशाला जाळणारी बिअर हाती येईल. यीस्ट आधीच थकलेले असेल, तर एन्झाइमने तयार केलेले ग्लुकोज तसेच राहून बिअर आणखी गोड होईल.

थोडी बिअर वेगळी काढून तिच्यावर एन्झाइम वापरायचे आणि मग मिसळायचे, ही युक्ती सुचते. पण एन्झाइम त्या बिअरबरोबरच बाकीच्या बिअरमध्ये जाते आणि काम सुरू ठेवते. सेझों या बेल्जियन बिअरच्या काही यीस्टचेही तसेच: बेल सेझों किंवा वायीस्ट ३७११ ही डायास्टॅटिकस जातीची आहेत, स्वतःच ग्लुकोअ‍ॅमिलेज सोडतात. ती वापरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या नंतर वेगळ्या ठेवा.

नुसती मुरत ठेवली तर गोडी उतरेल का?

सहसा नाही. उलट हॉप्सचा कडवटपणा काळाबरोबर ओसरतो, त्यामुळे गोड बिअर वर्षभराने जास्त गोड वाटू शकते. मुरल्याने अल्कोहोलचा तिखटपणा मऊ होतो, साखर कमी होत नाही.

अपवाद ब्रेटॅनोमायसिसचा. कार्ल्सबर्गमध्ये काम करणाऱ्या क्लॉसन यांनी १९०४ मध्ये हे यीस्ट जगापुढे आणले ते इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरचा अभ्यास करतानाच. त्या बिअर पिंपात महिनोन् महिने राहत आणि हे यीस्ट त्यांची उरलेली डेक्स्ट्रिन्स हळूहळू संपवत असे. मुंबई-कोलकात्याला जहाजांतून येणारी पेल एलही अशीच कोरडी उतरलेली असावी लागे. साखर शिल्लक राहिली तर उष्ण समुद्रात पिंपे फुगत. तुम्हाला सहा महिने ते वर्ष थांबायची तयारी असेल आणि चामड्यासारखा, रानटी वास आवडत असेल, तर हा मार्ग सुंदर आहे. घाई असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

ड्राय हॉपिंगनेही (बिअरमध्ये न उकळता हॉप्स भिजवण्यानेही) ग्रॅव्हिटी थोडी उतरते, हे ध्यानात ठेवा. हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम्स असतात. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे नोंदवले होते. उपाय म्हणून ते बेभरवशाचे, पण बाटल्या भरताना धोक्याचे.

मी बाटल्या भरून टाकल्या आहेत. काही धोका?

आहे, आणि हे उत्तर वाचून लगेच उठा. बाटलीत ग्रॅव्हिटी एका गुणाने, म्हणजे ०.००१ ने उतरली की वायू अंदाजे अर्धा व्हॉल्यूम वाढतो. नेहमीची बिअरची बाटली ३ व्हॉल्यूमच्या आसपासच्या दाबासाठी असते. १.०४० वर अडकलेली बिअर बाटलीत जागी होऊन १.०३० वर आली तर ५ व्हॉल्यूम वाढतील. काच फुटून डोळा जाऊ शकतो.

डोळ्यांवर गॉगल, हातात जाड हातमोजे, अंगात जाड जॅकेट घाला. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, थंडीने यीस्ट थांबते आणि दाबही उतरतो. पूर्ण गार झाल्यावर बूच हलकेच उचलून वायू सोडा आणि पुन्हा नवे बूच लावा. फ्रिजमध्ये जागा नसेल तर झाकणाच्या जाड खोक्यात, मुलांपासून दूर. गोड बिअर केगमध्ये (धातूच्या दाबाच्या पिंपात) थंड ठेवणे कधीही जास्त सुरक्षित.

गोड राहिलेली बिअर विषारी तर नसते? मिथेनॉलचे काय?

नसते. आपल्याकडे ही भीती असण्याला कारण आहे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. पण ते मिथेनॉल दारूत बाहेरून मिसळलेले होते. धान्याची बिअर आंबताना मिथेनॉल नगण्य तयार होते, आणि आंबवणे मध्येच थांबल्याने ते वाढत नाही.

हेच सगळे पुण्यात किंवा मुंबईत करता येईल का?

परवान्याशिवाय नाही. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा घरच्या वापरासाठीही बिनपरवाना दारू बनवू देत नाही, आणि गोव्यातही निर्मितीला परवाना लागतो. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्रीय कर उठला: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र दोन्हीकडे परवानगी नाही.

पुढच्या वेळी हे टाळायचे कसे?

मॅश ६४-६५ अंशांवर दीड तास. क्रिस्टल माल्ट ५ टक्क्यांच्या आत. एकूण आंबणाऱ्या पदार्थांत १० टक्क्यांपर्यंत साधी साखर घ्या, आणि ती माल्टच्या जागी घ्या, वर भर म्हणून नव्हे. ती पूर्ण आंबते, त्यामुळे बिअर कोरडी होते. झालेल्या गोड बिअरमध्ये साखर टाकून मात्र फक्त अल्कोहोल वाढते, गोडी तशीच राहते. साखरेचे पाणी उकळून ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाला, म्हणजे यीस्ट आधी माल्टोज खाते.

यीस्टसाठी सगळ्यात सोपी आणि स्वस्त सोय अशी: आधी १.०४५ ची हलकी बिअर करा. ती बाटल्यांत भरली त्याच दिवशी मोठ्या बिअरचा वर्ट तयार ठेवा आणि हलक्या बिअरच्या तळाला बसलेल्या यीस्टच्या थरावर तो ओता, भरपूर प्राणवायूसह. त्या थरात लागते त्याहून जास्त पेशी असतात, त्यामुळे बिअर जोरात उसळते. फर्मेंटरच्या वर एक तृतीयांश जागा रिकामी सोडा आणि एअरलॉकऐवजी जाड नळी पाण्याच्या बादलीत सोडा. उलट क्रमाने मात्र करू नका: १.१०० च्या बिअरखालचे यीस्ट थकलेले असते, ते पुढच्या बिअरला वापरू नये.